वारसाचा अंक

बस्त्याव तुस्कानो कॉमिक वाचताना तळलेले सुके बोंबील खायचा आणि त्याच हाताने पान उलटायचा. बहरीनला, मनामाच्या मासळी बाजारामागच्या त्याच्या खोलीत मी हे पहिल्यांदा पाहिलं. त्याच्या मांडीवर 'झेनार'चा अंक होता. तो अंक मी वर्षभर शोधत होतो, आणि हा गृहस्थ त्याच्या कोपऱ्यांना तेल पाजत बसला होता. वाचायला सुरुवात करण्याआधी मात्र त्याने कपाळावर क्रूस काढला होता, जेवणाआधी काढतात तसा.

झेनार कोण ते सांगायला हवं, कारण सत्तरच्या दशकात तो ताजा होता तेव्हाही फारसा कुणाला माहीत नव्हता. आकाशाच्या पार टोकाला एक दिवा आहे. तो विझला तर तारे एकमेकांवर आदळतील, म्हणून त्याची राखण करणारा एक जण असतो. तो झेनार. त्याच्या मनगटात एक कडं असतं, तेच त्याचं बळ. एक झेनार गेला की कडं दुसऱ्याच्या हातात जातं. आमचा झेनार तरुण होता, बापाच्या जागी आलेला, आणि आपण त्या जागेला लायक आहोत की नाही याची त्याला दर अंकात शंका यायची. अमेरिकेतली कुठलीशी छोटी कंपनी ते छापायची, कधी महिन्याने, कधी सहा महिन्यांनी. नामांकित वीर दुकानाच्या दोरीवर टांगलेले असायचे. झेनार ढिगाच्या तळाशी शोधावा लागायचा. म्हणूनच तो मला आवडला असावा. मी गुहागरकडचा साळवी, सलमाबादला एसीचे डक्ट बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये ड्राफ्ट्समन, आणि मलाही कुणी दोरीवर टांगलेलं नव्हतं.

मी अंक मिळवायचो ते घाम गाळून. शुक्रवारी सुट्टी. कंपनीच्या बसने मनामात यायचं, जुन्या मासिकांच्या दुकानात उकिडवं बसून ढीग उपसायचे. जुफैरच्या नौदल तळावरचं एखादं अमेरिकन कुटुंब परत चाललंय असं कळलं की त्यांनी दारात मांडलेल्या सामानात हात घालायचा. मिळालेला प्रत्येक अंक मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर टेप लावून ट्रंकेत ठेवायचो. आणि बस्त्याव? तो एका मोठ्या हॉटेलात हाउसकीपिंगचा सुपरवायझर होता. विमानावरचे, जहाजावरचे लोक खोलीत काहीबाही विसरून जायचे. ठरलेल्या मुदतीत कुणी विचारायला आलं नाही तर ती वस्तू स्टाफची, असा तिथला नियम. झेनार त्याच्याकडे चालत यायचा.

"लोक चपला विसरतात, एकदा एक बाई दातांची कवळी विसरली," बस्त्याव म्हणायचा. "झेनार पण विसरतात. मी काय करू? मफी मुश्किल."

मफी मुश्किल, म्हणजे काही अडचण नाही, हे त्याचं सगळ्यावरचं उत्तर होतं. मला अडचण होती. एखाद्याला आयतं मिळावं आणि वर त्याने ते बोंबलाबरोबर वाचावं, हीच माझी अडचण होती.

त्यातून त्याच्याकडे वारसाचा अंक होता. म्हातारा झेनार मरतो आणि कडं मुलाकडे येतं, ती हकिकत ज्या अंकात होती तो. माझ्याकडे त्याच्या पुढचे जवळजवळ सगळे होते, मागचेही काही होते, तेवढा एक नव्हता. मी अदलाबदलीची भाषा करून पाहिली. माझ्या ट्रंकेतले कुठलेही निवडून घे म्हटलं.

"ते घेऊन काय करू? तू इथे बस, चहा पी, वाच," बस्त्याव म्हणाला. "पुस्तक वाचायलाच हाय ना?"

"मला माझा स्वतःचा मिळेल तेव्हाच वाचीन."

"आणि नाय मिळाला तर?"

"मिळेल."

"इंशाल्ला," तो म्हणाला आणि बोंबलाची बशी माझ्याकडे सरकवली.

माझा हा हट्ट सगळ्यांना ठाऊक झाला. शुक्रवारी दुपारी बस्त्यावच्या खोलीत वसईचे, मालवणचे, साताऱ्याचे असे आठदहा जण जमायचे. तो कालवण रांधायचा, कॅसेट लावायचा, कुणाच्या व्हिसाचं, कुणाच्या रजेचं बोलणं चालायचं आणि फिरून फिरून गाडी झेनारवर यायची. वारसाच्या अंकाचा विषय निघाला की मी उठून गॅलरीत जायचो. "साळवी बाहेर गेला, यल्ला, बोला आता," असं आतून ऐकू यायचं. साताऱ्याच्या ज्या ड्रायव्हरला इंग्रजीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं, त्यालाही कडं मुलाकडे कसं गेलं ते माहीत होतं. मी गॅलरीत उभा राहून समोरच्या गच्चीवरचे कपडे बघत असे.

लोक त्याच्याकडे का जमतात, माझ्याकडे का नाही, याचा मी बराच विचार केला. माझी खोली स्वच्छ होती. माझ्याकडे पंखा जास्त चांगला होता. माझ्याकडे आलेला माणूस मात्र पंधरा मिनिटांत घड्याळ बघायचा, आणि बस्त्यावकडे गेलेल्याला हाकलावं लागायचं. कुणाचं काही अडलं आणि तो तोंड पाडून बसला की बस्त्याव म्हणायचा, "तोंड उघड, बाबा. मनातलं मला कसं कळणार? पाद्रीला पण कन्फेशनमध्ये सांगावं लागतं." मग तो माणूस बोलायचा आणि बस्त्याव काहीतरी खटपट करून द्यायचा. मी त्याच्यापाशी कधी काही मागितलं नाही.

पुढे माझं बिऱ्हाड आलं, बायको सुमन आणि मुलगी वैजू. वैजू इंग्रजी शाळेत जायला लागली आणि वर्षभरात मराठीत उत्तर द्यायचं विसरली. मी विचारायचो, "वैजू, जेवलीस का?" ती म्हणायची, "येस बाबा." मी म्हणायचो, "मराठीत सांग." ती आईकडे बघायची. शुद्ध मराठीचा मला अभिमान. गुहागरच्या शाळेत मी निबंधात पहिला यायचो. घरात मात्र माझ्या मराठीला एकच श्रोती उरली होती, आणि ती स्वयंपाक करताना ऐकायची.

एका शुक्रवारी आम्ही तिला बस्त्यावकडे नेलं. त्याने तिला शेजारी बसवलं, क्रूस काढला आणि झेनार उघडला. पानावर छापलेलं इंग्रजी, पण त्याच्या तोंडून यायची ती वसई. "झेनार बोलला, ए राक्षसा, माझ्या बापसाच्या वाडीत पाय टाकशील तर तंगडी मोडून बावखलात फेकीन." बावखल म्हणजे त्यांच्या वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. वैजू हसून हसून लोळायला लागली.

"बस्त्याव, अंतराळात बावखल कुठून आलं?" मी विचारलं.

"का? तुझ्या अंतराळात पाणी नको काय?"

त्यानंतर दर शुक्रवारी वैजू आमच्याआधी चप्पल घालून तयार. आणि काही महिन्यांनी, मी कामावरून आलो तेव्हा, तिने दारातच विचारलं, "बाबा, तू जेवला काय?" सुमनचे डोळे भरून आले. मलाही आनंद व्हायला हवा होता. मला ऐकू आलं ते एवढंच, की ही मराठी माझी नव्हती. ती वसईच्या एका वाडीतून, हॉटेलच्या चादरींमधून वाट काढत माझ्या घरात आली होती आणि मला 'तू' म्हणत होती. मला इतका हेवा वाटला की रात्री जेवण गोड लागलं नाही.

मग मी माझी ट्रंक उघडली. आपल्या मुलीला आपणच वाचून दाखवावं, त्यात काय एवढं. एक अंक काढला, टेप जपून सोडवली, आणि तिला म्हटलं की कोपरा धरू नको, पान मीच उलटतो. मी वाचू लागलो, "हे दुष्ट दानवा, तू माझ्या पित्याच्या राज्यात पाऊल ठेवण्याचे धाडस कसे केलेस?" दोन पानांनंतर वैजूने जांभई दिली.

"अंकल वाचतो तसा वाच ना," ती म्हणाली.

मी प्रयत्न केला. दार लावून, एकट्याने, सरावही केला. सुमनने बाहेरून विचारलं, "अहो, कोणाला शिव्या देताय?" तेव्हा नाद सोडला.

झेनारच्या गोष्टीत व्हार नावाचा एक खलनायक होता. तो म्हाताऱ्या झेनारचा पट्टशिष्य. वर्षानुवर्षं त्याने दिव्याची काजळी पुसली, सगळ्या विद्या शिकला, आणि कडं मिळालं मुलाला, ज्याला दिवा कुठून पेटवतात तेही माहीत नव्हतं. तेव्हापासून व्हार 'मला डावललं' म्हणत तारे पाडत सुटतो. सगळ्यांना त्याचा राग यायचा. मला त्याचं पटायचं. एकदा बस्त्यावकडे तसं बोलून गेलो.

"कष्ट कुणी केले? व्हारने. मग हक्क कुणाचा?"

खोलीतले लोक हसले. बस्त्याव हसला नाही. तो म्हणाला, "साळवी, तू एकदा तो अंक वाच, बाबा. हातात घेऊन वाच. मी इथेच हाय."

"सांगितलं ना, माझा मिळेल तेव्हा."

"बरं. तू नको बोललास तर मी एक अक्षर नाय सांगणार." आणि खरंच, त्याने ते कधी सांगितलं नाही.

ऐंशीचं दशक लागलं. सौदीला जोडणाऱ्या पुलाची बोलणी चालली होती, आमच्या वर्कशॉपला कामं मिळत होती, आणि बस्त्यावला गावाहून कळलं की त्याचा थोरला भाऊ गेला. भावाला मूलबाळ नव्हतं, बस्त्यावने लग्नच केलं नव्हतं. वाडी त्याच्या गळ्यात आली. "मी चादरी मोजणारा माणूस," तो म्हणाला. "मला केळीतलं काय कळतं? पण बापसाने लावलेली हाय. सोडून कशी देणार?" त्याने हॉटेलात राजीनामा दिला. तो व्हिसा कॅन्सल करून कायमचा चालला, हे कळल्यावर शुक्रवारची मंडळी हबकली. मीही हबकलो. पण खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की झेनार आता माझ्याकडे येणार.

तिथे आम्हा मराठी माणसांची एक रीत होती. कुणी कायमचा निघाला की शेवटच्या शुक्रवारी घर मोकळं करायचा. कुकर, पंखा, खाट, टीव्ही सगळं वाटून टाकायचं. पैशाचं नाव काढायचं नाही. ज्याने ज्या वस्तूसाठी आधी शब्द टाकला, त्याला ती. कुणी कुणी तर माणूस नोकरीत घट्ट असताना चेष्टेत शब्द टाकून ठेवायचे, "तू जाशील तेव्हा तुझा मिक्सर माझा," आणि तो शब्दही पाळला जायचा. ज्या वस्तूसाठी कुणी बोललं नाही, ती कामगारांच्या कॅम्पातल्या नव्या पोरांना.

मी शब्द टाकला नाही. एक तर धडधाकट माणूस समोर बसलेला असताना त्याच्या वस्तूवर डोळा ठेवणं मला हलकटपणाचं वाटायचं. आणि दुसरं म्हणजे, गरज काय होती? अख्ख्या बहरीनमध्ये झेनार जमवणारे दोनच जण, एक तो आणि एक मी. तो चालला. हे काय तोंडाने सांगायचं? माझी कल्पना अशी होती की तो सगळ्यांसमोर उठेल, खोकी माझ्यापुढे ठेवेल आणि म्हणेल, "साळवी, हे आता तू सांभाळ." मी आढेवेढे घेईन, मग घेईन. सलमाबादच्या एका सुताराकडून मी काचेच्या दारांचं कपाटही करून घेतलं, आतून मऊ कापड लावलेलं, कुलूप असलेलं. सुमनने विचारलं तेव्हा म्हटलं, असू दे, लागतं.

तो शुक्रवार आला. सुमनला कुकर मिळाला, तिने आधीच सांगून ठेवलं होतं. ड्रायव्हरला कॅसेट प्लेअर मिळाला. खाट गेली, पंखा गेला. शेवटी बस्त्यावने खाटेच्या रिकाम्या जागेवरून तीन खोकी ओढली. मी उठून उभा राहिलो आणि शर्ट नीट केला.

त्याने खोकी वैजूपुढे ठेवली.

"ही पोर मागच्या ख्रिसमसला बोलून गेली हाय," तो सगळ्यांना म्हणाला. "बोलली, अंकल, तू जाशील तेव्हा झेनार माझा. तुझा तर तुझा, पोरी."

वैजूने दोन्ही हात खोक्यांवर ठेवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उभाच होतो, कारण बसायला आता खोलीत काही उरलं नव्हतं. बस्त्याव माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "तू काय बोलला नाहीस, साळवी. मी वाट बघितली."

"छे, छे. मला कशाला?" मी म्हणालो. "घरातच येणार ना."

अंक घरात आले खरे. माझ्या कपाटात आले. वैजूने ते तिच्या पद्धतीने लावले आणि कुलपाची किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली. बापाने आपल्यासाठी कपाट करून ठेवलं होतं असं तिला वाटलं. तिने माझ्या गळ्यात हात टाकून थँक्यू म्हटलं. ते थँक्यूही मी घेतलं. विमानतळावर बस्त्यावला सोडायला गेलो तेव्हा तिने त्याचा शर्ट सोडला नाही. त्याने मला मिठी मारली. त्याच्या शर्टाला हॉटेलच्या साबणाचा वास होता, आणि मी मनात म्हणत होतो, एकदाचा गेला. आता ही माझी.

ती माझी झाली नाही. वसईहून बस्त्यावचं पत्र यायचं ते तिच्या नावाने. मी मराठी वर्तमानपत्रातलं काही वाचून दाखवलं तर ती ऐकायची, नाही असं नाही. पण हसायला तिला त्याच्या पत्रातलं केळीला लागलेल्या किडीचं वर्णन लागायचं. आणि वारसाचा अंक माझ्या हातापासून दोन वितींवर, काचेआड, बसलेला असायचा. ती म्हणेल, बाबा, हा घे, वाच. याची मी वाट बघत होतो. मी तो केव्हाच वाचला असणार असं ती धरून चालली होती. बाप असून मुलीकडे काय मागायचं, असं मी धरून चाललो होतो. अशी वर्षं गेली. पूल झाला, वाहतूक सुरू झाली, वैजू शाळेच्या शेवटच्या वर्गात आली.

एका शुक्रवारी वसईचा एक जण रजेवरून परत आला आणि त्याने फोन केला. बस्त्याव गेला. वाडीत पाण्याची पाळी घालता घालता बांधावर बसला, तो उठलाच नाही. माणसं पोचेपर्यंत खलास. मी फोन ठेवला आणि वैजूला सांगायला गेलो.

तिने ऐकलं. मग ती जमिनीवर बसली आणि रडायला लागली. माझी मुलगी अशी रडलेली मी तोवर पाहिली नव्हती, ती पडली तेव्हाही नाही, माझी आई गेली तेव्हाही नाही. सुमन तिला जवळ घेऊन बसली. मी दाराशी उभा होतो. त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते सांगतो, कारण ते आलं होतं. मी गेल्यावर ही इतकी रडेल का? मेलेल्या माणसाचा कुणी हेवा करत नाही. मी केला.

जरा वेळाने तिने साखळीतली किल्ली काढली, कपाट उघडलं आणि अंक भोवती मांडून बसली. सुमन चहा करायला गेली. मी आत गेलो.

"वैजू," मी म्हणालो, "तो वारसाचा अंक मला देशील का? वाचायला."

तिने वर न बघता तो उचलून माझ्या हातात दिला. "घे ना, बाबा."

एवढंच. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसलो आणि वाचला. पंधरा मिनिटांचं काम होतं.

म्हातारा झेनार अंथरुणाला खिळलेला आहे. तो पहिली हाक मारतो ती व्हारला. कडं मनगटातून उतरवून त्याच्यापुढे धरतो आणि म्हणतो, घे. व्हार म्हणतो, असं नको. सगळ्या ताऱ्यांच्या राजांना मी बोलावतो, सभा भरवतो, तिथे मला मानाने द्या. म्हातारा म्हणतो, वेळ नाही रे, आत्ता घे. व्हार निघून जातो. तो राजांना घेऊन परत येतो तेव्हा म्हातारा संपलेला आहे. मुलगा बापाचा हात हातात घेऊन नुसता बसलाय, आणि कडं घरंगळून त्याच्या मनगटात आलंय. त्याला ते अजून कळलेलंही नाही.

मी ते पान पुन्हा वाचलं. अक्षरं दिसेनाशी झाली. अंक भिजू नये म्हणून मी तो दूर धरला, आणि मग मला आवरेना. वैजूने मान वर केली. तिने तो अंक माझ्या हातातून काढून घेतला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"बाबा, तुला पण अंकल इतका आवडायचा?" ती म्हणाली. "तू कधी बोलला नाही."

मी नाही म्हणालो नाही.